उलट्या पुस्तकाचं गाव

दहा मिनिटं बोलायचं होतं, एवढंच काम. पण त्या दहा मिनिटांनी माझे तीन महिने घेतले.

थेटफर्डमध्ये माझ्या शेजारी एक आजीबाई राहतात. गावाच्या इतिहासाची आवड असलेल्या दहाबारा जणांचा त्यांचा एक गट आहे. ही मंडळी महिन्यातून एकदा गावातून पायी हिंडतात आणि प्रत्येक जण एकेका ठिकाणी थांबून तिथली हकीकत सांगतो. एका शनिवारी बाजारात कोबी निवडता निवडता आजीबाई म्हणाल्या, "पुढच्या एखाद्या वेळी एक थांबा तू घे. तू भारतातली, दलीपसिंगांच्या पुतळ्यापाशी बोलशील ना?" मी हो म्हणाले. घरी येऊन पिशवी ओट्यावर ठेवली आणि पोटात गोळा आला. दलीपसिंगांबद्दल मला कोहिनूरपलीकडे काही माहीत नव्हतं. आणि ज्या गावात अकरा महिने राहत होते, त्याबद्दल तर तेवढंही नव्हतं. कामावर जायची वाट, बाजार आणि स्टेशन, संपलं.

मी सातारा जिल्ह्यातल्या पुसेगावची. इथे एका औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. थेटफर्ड म्हणजे इंग्लंडच्या पूर्वेकडच्या नॉरफोक परगण्यातलं, थेट आणि लिटल ऊज या दोन नद्यांच्या संगमावरचं पंचवीसेक हजार वस्तीचं बाजारगाव. बाजारगाव म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं. आमच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत खिलार बैलांचा बाजार भरतो तेव्हा आसपासच्या गावांची माणसं पुसेगावात कशी उतरतात, ते बघत मी वाढले. बाजारगाव कधीच एकट्याचं नसतं, ते पंचक्रोशीचं असतं. म्हणून वाटलं, जमेल. एक वही घेतली आणि रविवारी बाहेर पडले.

पहिल्या रविवारी नुसता गोंधळ झाला. गावातली माणसं ज्याला 'अ‍ॅबी' म्हणतात, तो मठ अ‍ॅबी नव्हेच, प्रायरी आहे. शिवाय गावात एक ननरी होती, एक फ्रायरी होती. म्हणजे जोगिणींचा मठ वेगळा, भिक्षू साधूंचा वेगळा, आणि हा तिसरा क्लूनी पंथाच्या साधूंचा. किंग स्ट्रीटवर किंग्ज हाउस आहे, पण किंग कोणता? विचारल्यावर कळलं, पहिला जेम्स. त्याला या भागात शिकारीला यायचा नाद होता. पाटीवर 'किल्ला' लिहिलं होतं म्हणून गेले, तर पुढ्यात गवतानं झाकलेली एक भलीमोठी टेकडी. आमच्याकडे किल्ला म्हटलं की तट, बुरूज, दरवाजा, टाकं. इथे दगड म्हणून नाही. एका मुलाला विचारलं, "किल्ला कुठं आहे?" तो म्हणाला, "हाच."

पायऱ्या चढून वर गेले. ही टेकडी देवानं केलेली नाही, माणसांनी खांद्यावरून माती वाहून रचलेली आहे. 1066मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि लोकांना धाकात ठेवायला ठिकठिकाणी मातीचे असे उंचवटे करून त्यांवर लाकडी बुरूज उभे केले. थेटफर्डचा उंचवटा इंग्लंडमधल्या सर्वांत उंच उंचवट्यांपैकी एक. भोवतीचे मातीचे तट तर त्याच्या हजाराहून जास्त वर्षं आधीचे, लोहयुगातले. 1173मध्ये दुसऱ्या हेन्री राजानं किल्ला मोडून टाकला. लाकूड गेलं, माती राहिली. एवढा मोठा उंचवटा या लहानशा गावाला कशाला, हा प्रश्न मी वहीत लिहिला. उत्तर पुढच्या आठवड्यात मिळालं. त्या काळी हे लहान गाव नव्हतंच. डॅनिश सैन्यानं 869 साली हिवाळ्याचा तळ इथे टाकला होता, आणि अकराव्या शतकात थेटफर्डची गणना इंग्लंडमधल्या मोठ्या शहरांत होत होती. 1070च्या दशकात या साऱ्या मुलखाच्या बिशपची गादी इथे आली आणि वीसेक वर्षांत नॉर्विचला गेली. गादी गेली, तसं शहराचं गाव होत गेलं.

प्रायरीची गोष्ट मला जास्त लागली. 1103 साली रॉजर बिगॉड या सरदारानं ती स्थापली. पुढे तेराव्या शतकात तिथल्या मेरीमातेच्या मूर्तीचे चमत्कार लोक सांगू लागले. मूर्तीच्या डोक्यात संतांचे अवशेष सापडले, दूरदूरहून आजारी माणसं येऊ लागली, आणि त्यांच्या दानातून मंदिराचा नवा भाग उभा राहिला. पुसेगावच्या मुलीला हे परकं कसं वाटावं? मग आला आठवा हेन्री, ज्यानं देशभरचे मठ बुडवले. त्याचा अनौरस मुलगा हेन्री फिट्झरॉय 1536मध्ये वारला आणि याच प्रायरीत पुरला गेला. नॉरफोकच्या ड्यूकनं राजाला विनवलं, की तुमचाच मुलगा इथे आहे, एवढा मठ राखा. राजानं राखला नाही. 1540मध्ये प्रायरी बंद झाली आणि फिट्झरॉयची कबर फ्रॅमलिंगमला हलवावी लागली. आता तिथे हिरवळीवर उभे आहेत ते भिंतींचे गाभे. घडीव दगड लोकांनी काढून नेले, आतली गारगोटी तेवढी राहिली.

गारगोटी पाहायला मात्र मी मुद्दाम थांबले. या भागात बांधकामाचा चांगला दगड नाही. खडूसारख्या पांढऱ्या मऊ खडकात गारगोटीचे गोटे सापडतात, तेच भिंतीत घालतात. गोटा फोडला, की आतून काळाभोर, काचेसारखा चकचकीत भाग निघतो. गवंडी तो बाहेरच्या अंगाला बसवतात. पाऊस पडून गेल्यावर थेटफर्डची भिंत ओल्या जांभळासारखी दिसते. मी बोट फिरवून पाहिलं. कडा अजून धारदार आहेत.

ही गारगोटी येते कुठून, म्हणून दहाबारा किलोमीटरवरच्या ग्राइम्ज ग्रेव्ह्ज इथे गेले. नाव 'कबरी'चं, पण तिथे कबरी नाहीत, खाणी आहेत. माळावर चारशेहून जास्त खळगे आहेत आणि प्रत्येक खळगा म्हणजे बुजलेली एक खाण. पुढे आलेल्या सॅक्सन लोकांना एवढे खड्डे माणसांनी खणले असतील हे पटेना, म्हणून त्यांनी ते ग्रिम देवाच्या नावावर घातले. एका खाणीत उतरता येतं. डोक्यावर हेल्मेट घालून मी नऊ मीटर खाली गेले. वर जूनमधलं ऊन होतं, खाली अंगावर काटा आला इतका गारवा. तळाशी चहूबाजूंना बुटकी भुयारं गेलेली, आणि पांढऱ्या खडकात गारगोटीचा काळा थर. साडेचार हजार वर्षांपूर्वी माणसं सांबरासारख्या लाल हरणाच्या शिंगांची कुदळ करून इथे खणत होती, पालथी पडून, पणतीएवढ्या उजेडात. वरच्या थरांतली गारगोटी सोडून ती मुद्दाम या तळच्या थरापर्यंत उतरली, कारण कुऱ्हाडीला लागते तशी गारगोटी इथे होती. त्या माणसांची नावं नाहीत, भाषाही नाही. तरी चांगल्या मालासाठी आणखी दोन हात खाली जायचं, हा त्यांचा स्वभाव मला त्या अंधारात अगदी ओळखीचा वाटला.

असं करता करता माझी वही भरली, पण दहा मिनिटं काही हाती लागेनात. रोमनांविरुद्ध बंड करणाऱ्या बूडिका राणीची इसेनी जमात या मुलखातली. गावाबाहेरच्या गॅलोज हिल टेकडीवर त्या काळातलं मोठं कुंपणबंद आवार 1980च्या सुमारास उत्खननात सापडलं. लोक त्याला बूडिकाचा वाडा म्हणतात. त्याच टेकडीवर 1979मध्ये एकाला धातुशोधक यंत्रानं रोमन काळातल्या सोन्याच्या 22 अंगठ्या, चांदीचे चमचे असा ठेवा मिळाला. त्यानं तो वेळेवर कळवला नाही. तोवर त्या जागी इमारत उभी राहिली, आणि तो कुणी, का पुरला, हे शोधायची संधी कायमची गेली. ठेवा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, त्याची गोष्ट कुठेच नाही. मिन्स्टरगेट या गल्लीत बरेल कुटुंबाच्या कारखान्याची रंगशाळा म्युझियम म्हणून राखली आहे. शेतावर, रस्त्यावर आणि जत्रेत चालणारी त्यांची वाफेची इंजिनं देशभर गाजली. पेट्रोल-डिझेलची वाहनं आली आणि 1928मध्ये कारखाना बंद पडला. नदीकाठच्या बाकावर कॅप्टन मेनवारिंगचा ब्राँझचा पुतळा बसला आहे. 'डॅड्स आर्मी' या गाजलेल्या मालिकेतलं हे पात्र; तिचं बाहेरचं चित्रण इथे व्हायचं. सगळ्यात जास्त फोटो त्याच्याबरोबर काढले जातात.

एवढ्या काळांतून, एवढ्या माणसांतून मी धागा कुठला धरू? एके रात्री वैतागून वहीच्या नव्या पानावर मध्ये उभी रेघ ओढली. डावीकडे लिहिलं 'गेलेले', उजवीकडे 'आलेले'. कारण एवढं मात्र दिसत होतं, की ज्यांची नावं गाव आज अभिमानानं सांगतं, त्यांतले बहुतेक जण इथे जन्मून इथेच मेलेले नाहीत.

'आलेले'मध्ये पहिलं नाव महाराजा दलीपसिंग. जन्म 1838. रणजितसिंहांचे धाकटे चिरंजीव. 1849मध्ये इंग्रजांनी पंजाब घेतला तेव्हा मुलगा दहा वर्षांचा होता. त्याच्याकडून राज्य आणि कोहिनूर दोन्ही लिहून घेतलं. आईपासून तोडलं, ख्रिस्ती केलं, 1854मध्ये विलायतेला आणलं. 1863मध्ये थेटफर्डपासून सहासात किलोमीटरवरची एल्व्हडन इस्टेट त्यांनी घेतली आणि हवेलीच्या आतल्या भिंती मोगल धाटणीच्या नक्षीनं सजवून घेतल्या. पुढे सरकारशी भांडण विकोपाला गेलं. 1886मध्ये ते भारतात परत निघाले, तर एडनला अडवलं गेलं. तिथेच त्यांनी पुन्हा शीख धर्म स्वीकारला. 1893मध्ये पॅरिसमध्ये मृत्यू आला आणि देह एल्व्हडनच्या चर्चच्या आवारात पुरला गेला. मी ती कबर पाहिली. पत्नी बांबा आणि मुलगा एडवर्ड शेजारी आहेत. दूरदूरची शीख कुटुंबं तिथे येतात, फुलं ठेवतात, थोडा वेळ काही न बोलता उभी राहतात. गावात नदीच्या मधल्या बटन आयलंडवर त्यांचा अश्वारूढ पुतळा आहे; 1999मध्ये तेव्हाच्या प्रिन्स चार्ल्सनी त्याचं अनावरण केलं.

दुसरं नाव त्यांच्या मुलाचं, प्रिन्स फ्रेडरिक दलीपसिंग. व्हाइट हार्ट स्ट्रीटवर 1490च्या सुमाराचं लाकडी चौकटीचं एक घर आहे. फ्रेडरिकनी ते विकत घेऊन 1921मध्ये गावाला दिलं. 1924 साली तिथे म्युझियम सुरू झालं. ज्याच्या बापाचं राज्य, रत्न, आई, सगळं काढून घेतलं गेलं, त्या मुलानं काढून घेणाऱ्यांच्या देशातल्या एका गावाचा इतिहास स्वतःच्या पैशानं वाचवला. मी त्या घरातल्या कोरीव तुळयांखाली उभी राहून हे वाचलं आणि बराच वेळ तिथून हलले नाही.

तिसरं नाव डॉक्टर अ‍ॅलन ग्लेझर मिन्स. जन्म 1858, बहामा बेटांवरचा. लंडनमध्ये शिकून ते आपल्या भावामागोमाग थेटफर्डला डॉक्टर म्हणून आले. 1903 साली लोकांनी त्यांना नगरसेवक केलं आणि 1904 साली ते महापौर झाले. ब्रिटनमधले पहिले कृष्णवर्णीय महापौर. हा मान लंडनच्या बॅटरसी भागाच्या जॉन आर्चर यांचा, असं बरीच वर्षं मानलं जात होतं. पण ते झाले 1913मध्ये, नऊ वर्षांनी. साम्राज्य ऐन भरात असताना या लहान गावानं आपल्या नाडीवर हात ठेवणाऱ्या माणसाला खुर्चीवर बसवलं. रोज काउंटरपलीकडून लोकांच्या हातात औषधं देणाऱ्या मला या नावानं धीर दिला.

'गेलेले'मध्ये मोठं नाव एकच होतं, आणि मी ते टाळत होते. किंग स्ट्रीटवर त्याचा सोनेरी पुतळा आहे, कामावर जाताना रोज दिसायचा. थॉमस पेन. शाळेत अमेरिकन राज्यक्रांतीच्या धड्यात वाचलेलं नाव, पण परीक्षेपुरतं. एका संध्याकाळी मी पहिल्यांदा पुतळ्याच्या अगदी जवळ गेले. उजव्या हातात पिसाची लेखणी, डाव्या हातात पुस्तक. पुस्तकाचं नाव वाचायला गेले तर अक्षरं उलटी. पुस्तकच उलटं धरलेलं. मान वाकडी करून वाचलं: 'राइट्स ऑफ मॅन'. सर चार्ल्स व्हीलर या शिल्पकारानं घडवलेला हा पुतळा 1964मध्ये अमेरिकेतल्या पेनप्रेमींच्या देणगीतून उभा राहिला. पुस्तक उलटं का, याची उत्तरं गावात जितकी माणसं तितकी. कुणी म्हणतं चूक झाली, कुणी म्हणतं लोकांनी थांबून विचारावं म्हणून मुद्दाम केलं.

त्या रात्री आप्पांना फोन केला. आप्पा म्हणजे माझे वडील, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. म्हटलं, "आप्पा, इथं एक पुतळा आहे, हातात पुस्तक उलटं आहे. थॉमस पेन म्हणून."

पलीकडे क्षणभर शांत. मग आवाज चढला. "पुस्तक कंचं गं?"

"राइट्स ऑफ मॅन."

"अगं पोरी, जोतीरावांनी वाचल्यालं पुस्तक हाय ते! आन् तू त्या गावात ऱ्हातीस? मला आधी का न्हाई सांगितलंस?"

मला काही बोलता येईना. दर 11 एप्रिलला, जोतीराव फुल्यांच्या जयंतीला, आप्पा मला सायकलवर पुढे बसवून कटगुणला न्यायचे. पुसेगावपासून जवळच असलेलं कटगुण हे फुल्यांचं मूळ गाव. त्यांच्या घराण्याला कुळकर्ण्याशी भांडण होऊन ते गाव सोडावं लागलं, असं सांगतात. खानवडी, मग पुणे. पेशव्यांना फुलं पुरवायचा धंदा, म्हणून गोऱ्ह्यांचे फुले झाले. जोतीरावांचा जन्म त्यानंतरचा, 1827चा, म्हणजे कटगुणनं त्यांना खेळताना पाहिलंच नाही. तरी कटगुण त्यांना आपलं म्हणतं. 1847 साली, विशीत, मिशनच्या शाळेतून बाहेर पडताना जोतीरावांनी आणि त्यांच्या मित्रांनी पेनचं हे पुस्तक वाचलं. पुढच्याच वर्षी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा उघडली. नुसत्या पुस्तकानं शाळा उघडत नाही. त्याला जोतीराव आणि त्यांच्या पत्नी सावित्रीबाई लागतात. पण त्या विशीतल्या मुलाच्या हातात पडलेलं पुस्तक या गावात वाढलेल्या माणसानं लिहिलं होतं. आणि मी रोज डबा घेऊन त्याच्यासमोरून जात होते.

त्यानंतर मी पेनला मनापासून वाचायला लागले. जन्म 1737. बाप जोसेफ क्वेकर पंथाचा, बायकांची कॉर्सेट शिवणारा. व्हेल माशाच्या जबड्यातल्या पात्यांच्या पट्ट्या घालून कंबर आवळणारा तो पोशाख असे. मुलगा गावच्या ग्रामर स्कूलमध्ये पाचसहा वर्षं शिकला. लॅटिन शिकला नाही, कारण बापाला ती पुस्तकं पसंत नव्हती. मग बापाच्याच हाताखाली शिवणकाम. त्या काळच्या थेटफर्डमध्ये तीसेक माणसं मिळून दोन खासदार निवडत आणि त्या माणसांवर शेजारच्या ड्यूकचा वचक असे. वसंतात जिल्ह्याचं फौजदारी न्यायालय इथे भरायचं, गुन्हेगार फासावर जायचे. हक्क कुणाला असतात आणि कुणाला नसतात, हे बघायला त्या मुलाला गावाबाहेर जावं लागलं नसेल.

पुढे तो जकात खात्यात लागला. सहकाऱ्यांचे पगार वाढावेत म्हणून 1772मध्ये लेखी कैफियत मांडली. 1774मध्ये नोकरी गेली. त्याच वर्षी बेंजामिन फ्रँकलिनची शिफारसपत्रं घेऊन तो अमेरिकेला गेला आणि जानेवारी 1776मध्ये 'कॉमन सेन्स' लिहून त्यानं वसाहतींना स्वातंत्र्याची भाषा दिली, तीही लोहार-सुतारांना कळेल अशी. 1791 आणि 1792मध्ये 'राइट्स ऑफ मॅन'चे दोन भाग आले. राज्य करायचा हक्क वंशपरंपरेनं मिळत नाही, हे त्यात आहेच. पण दुसऱ्या भागात करांच्या पैशातून गरिबांच्या मुलांच्या शिक्षणाला मदत आणि म्हाताऱ्यांना पेन्शन कशी देता येईल, याचा आकडेवार हिशेबही आहे. कॉर्सेटचं माप घेणारा हात तो, हिशेब अंदाजानं करत नाही. इंग्लंडमध्ये त्याच्यावर राजद्रोहाचा खटला झाला, गावोगाव त्याचे पुतळे जाळले गेले. फ्रान्सनं त्याला संसदेत घेतलं आणि पुढे तुरुंगातही टाकलं. 1809मध्ये न्यूयॉर्कमध्ये तो मेला तेव्हा धर्मावरच्या त्याच्या लिखाणामुळे लोक दुरावले होते. मोजकीच माणसं दफनाला आली. दहा वर्षांनी विल्यम कॉबेट या चाहत्यानं त्याची हाडं उकरून इंग्लंडला आणली, आणि तीही हरवली. कबरच नाही. जन्मघरही उरलेलं नाही. त्याच्या नावाचं हॉटेल आहे, आणि दुसऱ्या महायुद्धात इथे आलेल्या अमेरिकन वैमानिकांनी 1943मध्ये वर्गणी काढून बसवलेला एक फलक.

फेरीचा दिवस उजाडला. बारीक पाऊस होता. आजीबाईंना मी आधीच सांगितलं होतं, की दलीपसिंगांपाशी थोडं बोलेन, पण माझा थांबा पेनपाशी. अकरा माणसं छत्र्या घेऊन उभी होती, वहीचे कागद माझ्या हातात थरथरत होते. पेनचं चरित्र त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं, म्हणून ते मी दोन वाक्यांत संपवलं. मग सांगितलं, की इथून हजारो मैलांवर, पुणे नावाच्या शहरात, फुलं विकणाऱ्या घरातल्या वीस वर्षांच्या मुलानं हे पुस्तक वाचलं. त्याला जातीवरून पायरी दाखवली जात होती. त्यानं बायकोला शिकवलं, दोघांनी मुलींना शिकवलं, अस्पृश्य म्हणून दूर ठेवलेल्यांच्या मुलांना शिकवलं, अंगावर चिखल-शेण झेललं. 1873मध्ये त्यानं 'गुलामगिरी' लिहिलं आणि अमेरिकेतल्या गुलामांना मोकळं करण्यासाठी झटलेल्या लोकांना ते अर्पण केलं. त्याच वर्षी सत्यशोधक समाज काढला. आम्ही त्यांना महात्मा म्हणतो.

कुणी बोलेना. मला वाटलं, चुकलं. मग मागच्या बाजूचे एक आजोबा पुढे आले, खिशातून छोटी वही काढली आणि म्हणाले, "नाव सांग. अक्षरं एकेक करून." मी सांगत गेले, पी, एच, यू, एल, ई. पावसाचे थेंब पडून शाई पसरत होती, तरी त्यांनी नाव पूर्ण लिहिलं, वाचून दाखवलं आणि उच्चार बरोबर येईपर्यंत तीनदा म्हटलं. "साठ वर्षं मी या पुतळ्यासमोरून जातोय," ते म्हणाले, "हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

परतताना आजीबाईंना माझा दोन रकान्यांचा कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि उजव्या रकान्याखाली बोट ठेवलं. "इथं मला लिही." मी चमकले. मी त्यांना सात पिढ्यांच्या थेटफर्डकर समजत होते. त्या लंडनच्या निघाल्या. युद्धानंतर लंडनची गर्दी कमी करायला माणसं आणि कारखाने बाहेरच्या गावांत हलवले गेले, त्यांत थेटफर्ड होतं. 1950च्या दशकात पाचेक हजार वस्तीचं हे गाव त्यानंतर काही पटींनी वाढलं. आजीबाई सात वर्षांच्या असताना आईबापांबरोबर आल्या. सुरुवातीला गावातली मुलं बोलायची नाहीत, म्हणाल्या. आता पोर्तुगीज, लिथुआनियन, पोलिश माणसं आहेत, शनिवारी बाजारात चार भाषा कानावर येतात. आणि मी आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. गावाचा इतिहास फक्त गावात राहिलेल्यांचा नसतो. जे गेले त्यांनी गावाचं नाव नेलं, जे आले त्यांनी गाव सांभाळलं, आणि ज्या गावानं दोघांना आपलं म्हटलं ते गाव मोठं. वीस वर्षांत बिशपची गादी हरवलेलं थेटफर्ड माझ्या मते त्यामुळे मोठं आहे.

लंडनला येणाऱ्या मराठी माणसांना माझी विनंती आहे, एक दिवस राखून ठेवा. केंब्रिजहून नॉर्विचकडे जाणाऱ्या गाडीत बसा, एली मागे पडलं की थोड्याच वेळात थेटफर्ड येतं. स्टेशनातून किंग स्ट्रीट चालत गाठता येते. जोतीरावांना इथे येता आलं नाही, आपल्याला येतं. आणि यायला जमणार नसेल, तर आपापल्या बाजारगावचा असा दोन रकान्यांचा कागद करून बघा. आप्पांनी पुसेगावचा सुरू केला आहे. परवाच्या फोनपर्यंत त्यात सत्तावीस नावं झाली होती.